मांजर घरात घ्यायचं की नाही, घरात दोन तट पडलेत (कोल्हापूर)

पेठेतला_वाडा
घर शिवाजी पेठेतलं, जुनं कौलारू. पुढं सोपा, मधे माजघर, मागं परडं. जळणाच्या खोलीत भाटीनं पिल्ली घातली होती, त्यातलं एकच उरलंय. वय अंदाजे अडीच महिने. धाकट्या बहिणीला ते घरात घ्यायचंय. आईचा ठाम नकार: देवघराला शिवाशिव, दुधात तोंड, वास, आणि "चार दिवसांनी घाण मलाच काढायला लागणार". आबांना दमा आहे. बायकोला चौथा महिना. काका म्हणतात घरात नको, परड्यातच ठेवा आणि खायला देऊ नका, म्हणजे उंदीर धरील.

मुक्या जीवावर दया करा किंवा मांजर अपशकुनी, असल्या प्रतिसादांनी घरातलं भांडण मिटणार नाही. प्रत्येक हरकतीवर नेमकं काय करता येतं आणि कुठं काहीच करता येत नाही, तेवढं सांगा.

सोप्यातली_मनी
आईंच्या शेवटच्या हरकतीपासून सुरू करा, कारण खरी हरकत तीच आहे. मांजर हवं म्हणणारं माणूस एक आणि घाण काढणारं दुसरं, असं झालं की त्या घरात मांजर टिकत नाही. बहिणीनं आधी पंधरा दिवस, मांजर आत न घेता, सकाळी सहा आणि रात्री नऊ या वेळा सांभाळून दाखवाव्यात. परड्यातच पिल्लाला माती-वाळूचं घमेलं ठेवायचं आणि ते दोन्ही वेळेला साफ करायचं. परीक्षेचे दिवस, गावाला जाणं, आजारपण, तेव्हा कोण करणार तेही आत्ताच ठरवा.

आता घमेल्याचं. बांधकामावरचं प्लॅस्टिकचं पसरट घमेलं पिल्लाला चालतं. मोठ्या मांजराला शेपूट सोडून अंगाच्या दीडपट लांब, म्हणजे साधारण २० ते २२ इंचांचा टब लागतो. बाजू सहा इंच उंच ठेवायच्या, पुढची कड कापून तीन इंचांवर आणायची आणि कापलेली धार घासून घ्यायची. आत माल, म्हणजे मांजर उकरून घाण पुरतं ती माती किंवा दाणे, दोन ते तीन इंच. त्याहून कमी असेल तर मांजर उकरताना तळाला नखं घासतं, मूत्र थेट प्लॅस्टिकवर साचतं आणि वास तिथूनच येतो. खूप जणांना वाटतं मांजर घाण करतंय. प्रत्यक्षात थर पातळ असतो.

माल कोणता? नदीची वाळू मूत्र शोषत नाही, तळाला पाणी धरते. वखारीतला बारीक भुसा शोषतो, पण उडतो, आणि तुमच्या घरी दमा आहे, तेव्हा तो बादच. बेंटोनाइट मातीचा, मूत्राचे गोळे धरणारा माल वासाला सगळ्यात चांगला. एका मोठ्या मांजराला महिन्याला ८ ते १० किलो धरून खर्च काढा. पण चार महिन्यांखालचं पिल्लू हुंगता हुंगता तो खातं आणि पोटात गोळा होऊ शकतो. तोवर गोळे न धरणारा दाणेदार माल घ्या.

गोळे आणि विष्ठा दोन वेळा चाळणीच्या पळीनं काढायची, कागदात बांधून कचऱ्यात टाकायची. संडासात ओतू नका. बेंटोनाइट पाण्यात फुगतं आणि भांडं तुंबतं.

पेठेतला_वाडा
घमेलं कुठं ठेवायचं? आई म्हणते न्हाणीत ठेवलं तर मी तिथं पाय ठेवणार नाही.

सोप्यातली_मनी
न्हाणीत नकोच. ओल असते, माल चिखल होतो. सोप्याचा कोपरा किंवा जळणाची खोली बघा. खाण्याच्या ताटलीपासून आणि पाण्यापासून लांब हवं, मांजर जेवतं तिथं हागत नाही. मिक्सर, वॉशिंग मशीन यांच्या शेजारीही नको. एकदा आवाजाला दचकलं की ते घमेलं सोडतं आणि गादी धरतं. नियम असा की मांजरं जितकी, त्याहून एक घमेलं जास्त. एका पिल्लाला दोन म्हणजे आईंना जास्त वाटेल, पण घरात नवीन असताना पहिला महिना दोनच ठेवा.

नाडी_परीक्षा
वहिनींच्या हरकतीवर स्पष्ट लिहितो, कारण यात "काही होत नाही" म्हणणारे आणि "मांजर म्हणजे गर्भपात" म्हणणारे, दोघंही चुकतात.

टॉक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू असतो. मांजर बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्यांदा उंदीर, पाखरू किंवा कच्चं मांस खाल्ल्यावर, साधारण दोन-तीन आठवडे तो विष्ठेतून टाकतं. म्हणजे सगळ्यात धोक्याचं मांजर कोणतं, तर नुकतं शिकार शिकणारं परड्यातलं पिल्लू. नेमकं तुमच्याकडचं. घरात वाढलेलं, शिजवलेलं किंवा पाकिटातलं खाणारं मोठं मांजर त्या मानानं कितीतरी सुरक्षित.

दुसरी बाजू अशी की ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. तो जंतू बाहेर पडल्यावर लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस जातात. घमेलं रोज, न चुकता साफ झालं तर ही साखळीच तुटते. ते काम वहिनींनी करायचं नाही. कुणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर साबणानं हात धुऊन. परड्यातली माती उकरतानाही हातमोजे हवेत. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेली कोथिंबीर-मेथी यांतूनही हा जंतू पोटात जातो, हे घरात कुणी बोलत नाही.

तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना टॉक्सोप्लाझ्माच्या आयजीजी आणि आयजीएम रक्तचाचणीबद्दल विचारा. लागण पूर्वीच होऊन गेलेली असेल तर बाळाचा धोका फारच कमी. झालेली नसेल तर माझं मत: बाळंतपण होईपर्यंत पिल्लू वहिनींच्या खोलीपासून वेगळं, आणि त्यांनी ते हाताळायचं नाही. पोटातल्या बाळाच्या बाबतीत पाच-सहा महिने कळ काढणं जड नाही.

नाडी_परीक्षा
आबांच्या दम्याचं वेगळं लिहितो. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो ही समजूत खोटी. गिळलेला केस पोटातून निघून जातो. ॲलर्जी असते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीच्या तेलग्रंथींतल्या प्रथिनाची, फेल डी १ त्याचं नाव. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, कपड्यांना चिकटून मांजर नसलेल्या खोलीतही जातात. त्यामुळे आखूड केसांचं मांजर आणलं तर चालेल, हा सल्ला उपयोगाचा नाही.

आधी परीक्षा घ्या. ज्या घरात मांजर आहे अशा ओळखीच्या घरी आबांनी वेगवेगळ्या चार दिवशी तासभर बसावं, पंप खिशात ठेवून. डोळे चुरचुरणं, शिंका, छाती भरणं, त्या रात्रीचा खोकला, सगळं लिहून ठेवा. दमा जोरावर असेल तर हा प्रयोग नको, सरळ त्वचेची किंवा रक्ताची ॲलर्जी चाचणी करा. आणि हे जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. आपल्याकडं पावसात भिंतींना बुरशी धरते, तिनंही दमा उसळतो, मग दोष कुणाचा ते कळत नाही.

चाचणीत मांजराची ॲलर्जी निघाली आणि दमा आधीच नियमित औषधांवर असेल, तर मांजर घरात घेऊ नका. इथं तडजोड नाही. मांजर गेल्यावरही त्या प्रथिनाचं प्रमाण खाली यायला चार-सहा महिने लागतात, म्हणून "आणून बघू, नाही जमलं तर सोडू" हा मार्ग आबांसाठी फार वाईट.

रंकाळाकाठ
लै विचार करू नका. पिल्लू आत घ्या, आठ दिवसांत आईंना लळा लागतोय बघा.

सोप्यातली_मनी
हा सल्ला कृपा करून कुणी देऊ नका. लळा लागला नाही तर पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: पोत्यात घालून पंचगंगेपलीकडं सोडून येतात. घरात वाढलेलं मांजर अनोळखी जागी अन्न शोधू शकत नाही, तिथले बोके त्याला टिकू देत नाहीत. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार भुकेनं-तहानेनं हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणं गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बाईच्या स्वयंपाकघरात ते फिरणार तिला न विचारता आणणं हा तिचा अपमान आहे.

उद्यमनगरी
देवघर आणि स्वयंपाकघर याला सुताराचं आणि फॅब्रिकेशनचं काम लागतं, समजावणीचं नाही.

देव्हाऱ्याला दोन झडपा करून घ्या, वर छोटी कडी. नुसतं मॅग्नेटचं कॅच मांजर पंजानं ओढून उघडतं. समई-निरांजन उघड्यावर तेवत ठेवून कुणी उठायचं नाही. हलणारी ज्योत दिसली की पिल्लू पंजा मारतंच, आणि शेपूट तेलात बुडते.

स्वयंपाकघराला जाळीचा दरवाजा, आपोआप मिटणाऱ्या स्प्रिंगच्या बिजागरीचा. चौकट २५ बाय २५ मिलिमीटर, ३ मिलिमीटर जाडीच्या अँगलची. त्यात वेल्डमेश जाळी, पिल्लाला अर्ध्या इंचाचं भोक, मोठ्याला एक इंच चालतं. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावू नका, आठवड्यात नखांनी फाडतं. खाली जमिनीपासून फट एक इंचाच्या आत ठेवा. डोकं शिरलं की सगळं अंग शिरतं, हाच मापाचा नियम.

कौलारू घरात खरी पळवाट वळचणीला असते. भिंत संपते आणि वासे सुरू होतात तिथं, दोन वाशांच्या मधे, चार-सहा इंचांची रिकामी जागा राहते. मांजर माळ्यावरून नेमकं तिथून बाहेर पडतं आणि शेजारच्यांची कौलं सरकवतं. पेठेत घरं एकाला एक लागून, म्हणजे पावसाळ्यात गळती त्यांच्या घरात आणि भांडण तुमच्या दारात. प्रत्येक गाळ्याचं वेगळं माप घ्या, वासे कधी सारख्या अंतरावर नसतात. जाळीचा तुकडा गाळ्याहून सगळीकडून एक इंच मोठा कापा, कडा दुमडा आणि वाशाला वॉशर घालून स्क्रूनं आवळा. खिळे मारू नका, जुनं लाकूड चिरतं.

दुधाला आपल्या आज्यांनी शिंकं आणि जाळीचं फडताळ याचसाठी केलं होतं. फडताळ असेल तर दुरुस्त करून घ्या.

वाटीभर_दूध
ओट्यावर चढायची सवय मोडायला मारू नका, पाणी फवारू नका. त्यानं ते तुम्हाला घाबरतं आणि तुम्ही नसताना चढतं. ओट्याच्या कडेला दोन्हीकडून चिकटणारी टेप लावा, दोन-तीन आठवडे. पंजाला चिकटलेलं मांजराला सहन होत नाही. त्याच वेळी दुसरीकडं, खिडकीशी, उंच बसायला फळी द्या. उंचावर बसणं ही त्याची गरज आहे. जागा दिली नाही तर ते ओटाच निवडणार.

पेठेतला_वाडा
काकांच्या मुद्द्यावर कुणी लिहिलं नाही. उपाशी ठेवलं तर उंदीर जास्त धरतं का?

सोप्यातली_मनी
नाही. शिकार केवळ भुकेवर चालत नाही, हालचाल दिसली की मांजर झडप घालतं, पोट भरलेलं असलं तरी. उपाशी मांजर अशक्त होतं, लांब भटकतं आणि शेजारच्या घरात चोरी करतं. उलट पोटभर खाणारं घराभोवती राहतं, आणि त्याच्या वासानंच उंदीर जागा बदलतात. मोठ्या घुशीच्या वाटेला मात्र बहुतेक मांजरं जात नाहीत.

याहून महत्त्वाचं: मांजर घ्यायचं ठरलं तर माळ्यावरचं उंदराचं औषध त्याच दिवशी काढा. ब्रोमॅडिओलोनसारख्या वड्या खाल्लेला उंदीर तीन-चार दिवस जिवंत, पण सुस्त फिरतो, मांजराला तो सहज सापडतो. विष मांजराच्या पोटात जातं आणि रक्त गोठणं थांबतं. हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून किंवा लघवीतून रक्त, धाप, असं दिसलं तर त्याच तासाला डॉक्टर, औषधाचं पाकीट बरोबर घेऊन. यावर व्हिटॅमिन के १ चा उपचार आहे, पण तो काही आठवडे द्यावा लागतो.

नाडी_परीक्षा
लसींचं. अडीच महिन्यांचं पिल्लू साधारण एक किलोचं असतं. आधी वजन करून जंताचं औषध, सहा महिन्यांचं होईपर्यंत दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. तीन विषाणूजन्य रोगांवरची तिहेरी लस आत्ताच, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा, शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या सुमाराला. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर. वर्षानं दोन्हींचे बूस्टर. बाकीची पिल्ली कशानं गेली ते विचारून घ्या. उलट्या-जुलाबानं गेली असतील तर पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य रोगाची शंका धरा. तो विषाणू जागेवर वर्षभर टिकू शकतो. जळणाची खोली रिकामी करून एक लिटर पाण्याला ३० मिलि ब्लीच या प्रमाणात धुवा, दहा मिनिटं ओली राहू द्या, मग साध्या पाण्यानं. आबांना तेव्हा बाहेर बसवा. मूत्राच्या ताज्या डागावर ब्लीच ओतू नका, त्यातून निघणारा वायू दमेकऱ्याला घातक.

पिल्लू चावलं किंवा नखानं रक्त आलं तर हळद-चुना-तिखट काही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) सरकारी दवाखान्यात जायचं. कातडीत देतात ती रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, चारही वेळा पूर्ण करायची. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनच्या (तयार प्रतिपिंडांच्या) इंजेक्शनबद्दल विचारा.

वाटीभर_दूध
नाव असं असलं तरी सांगते, दूध देऊ नका. दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि मग "मांजर घाण करतं" म्हणून घरात वाद. दूध-भाकरीवर वाढलेल्या मांजराला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य पुरेसं मिळत नाही. ते फक्त मांस-मासे-अंड्यांतून मिळतं, कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदय खराब होतं. पिल्लासाठीचं कोरडं खाद्य दिवसाला ४५-५० ग्रॅम, चार वेळांत वाटून. वर उकडलेलं चिकन, बिनमिठाचं, उकडलेल्या पाण्यासकट, कारण टॉरिन त्या पाण्यात उतरतं. नुसत्या चिकनवर मात्र ठेवू नका, त्यात कॅल्शियम फारच कमी असतं.

रविवारचा तांबडा-पांढरा रस्सा, त्यातल्या फोडी धुऊनसुद्धा, बोटभरही नाही. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवला तरी. शिजलेली नळी फुटून टोकदार होते. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच नाही. एक गोळी जीव घेते.

फुलेवाडी_नाका
आमच्याकडं लादीला रोज फिनेल लागतं. चालतं का?

वाटीभर_दूध
नाही. काळ्या फिनेलमधली फिनॉलं मांजराच्या यकृताला मोडता येत नाहीत. पांढऱ्यातलं पाइन तेलही वाईट. मांजर ओल्या लादीवरून चालतं, मग पंजे चाटतं, विष असं पोटात जातं. साधं साबणाचं पाणी वापरा, लादी वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. मूत्राच्या डागाला आधी फडक्यानं टिपून घ्या, मग एंझाइमचं क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. वास आपल्या नाकाला गेला तरी त्याच्या नाकाला राहिला तर ते पुन्हा तिथंच जातं.

ताराबाई_पार्क_४
फ्लॅट सोसायटीनं ठराव करून मांजराला बंदी घातली तर?

सोप्यातली_मनी
बहुमतानं ठराव केला तरी पाळीव प्राण्यावर बंदी घालता येत नाही, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या, मुख्यतः कुत्र्यांबद्दलच्या, मार्गदर्शक सूचनांत हे आहे. जिन्यातली घाण काढणं मात्र तुमचंच काम.

दुधाळी_मैदान
पेठ उंचावर आहे, पण आमच्यासारख्या पूरपट्ट्यातल्यांसाठी लिहितो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला आली की पिंजरा बाहेर काढा, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका. पाणी दारात आल्यावर मांजर माळ्यावर जाऊन बसतं आणि हाताला येत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरांत दोन्ही वेळा हेच झालं. कडक प्लॅस्टिकचा पिंजरा मेपासूनच दार उघडं ठेवून खोलीत ठेवा, आत जुनं फडकं, अधूनमधून खाणं आतच द्या. आयत्या वेळी पोत्यात कोंबलेलं मांजर चावतं आणि निसटतं.

पेठेतला_वाडा
घरात बसून बोललो. आबांची रक्ताची चाचणी या आठवड्यात, ती वाईट आली तर विषय तिथंच थांबेल आणि पिल्लाला लसी करून दुसरं घर शोधायचं, हे बहिणीनंही मान्य केलंय. चांगली आली तर बाळंतपणापर्यंत पिल्लू जळणाच्या खोलीत, ती ब्लीचनं धुऊन आणि दाराला जाळी लावून. घमेलं बहिणीकडं, ती नसली तर माझ्याकडं. आईनं दोन अटी घातल्यात: देव्हाऱ्याची झडप आणि स्वयंपाकघराचं जाळीचं दार पिल्लू आत यायच्या आधी व्हायला पाहिजे, आणि नसबंदी ठरलेल्या वेळेला. बोका आहे. कधी करायची?

नाडी_परीक्षा
आईंच्या दोन्ही अटी रास्त आहेत. पाच ते सहा महिन्यांचा झाल्यावर करा, भिंतीवर मूत्राचे फवारे मारायची सवय लागायच्या आधी. सवय लागल्यावर केली तरी बहुतेकांची थांबते, पण सगळ्यांची नाही. किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलंच पाळा, लहान पिल्लाला रात्रभर उपाशी ठेवत नाहीत. नंतर जखम चाटू नये म्हणून गळ्यात शंकूची कॉलर सात ते दहा दिवस. त्या दिवसांत घमेल्यात माल नको, कागदाच्या पट्ट्या घाला, बारीक दाणे जखमेला चिकटतात.

आणि पुढं कायमचं एक लक्षात ठेवा. बोका घमेल्यात वारंवार बसतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ते बद्धकोष्ठ नाही, मूत्रमार्ग अडलाय. सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्र असली तरी फोन करून डॉक्टर गाठायचा. घमेलं साफ करणाऱ्यानं रोज मूत्राचे गोळे किती निघाले ते मोजायची सवय लावली तर हे सगळ्यात आधी त्यालाच कळेल.